पिलाताचे पाणी

काही दिवसांपूर्वी संपादकांनी एका अनुवादित कथेचे हस्तलिखित माझ्याकडे भाषा तपासण्यासाठी पाठविले. अनुवाद करणारी मुलगी तरुण आहे, इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे आणि तरीही हट्टाने मराठीत लिहिते. त्यामुळे लाल शाई शक्य तितकी जपून वापरावी असे ठरवूनच मी वाचायला बसलो. कथा साधी आहे. मुलगा घर सोडून जातो, वाईट संगतीला लागतो, बाप त्याला दोनदा सोडवून आणतो आणि तिसऱ्या खेपेस त्याच्याशी असलेला संबंध तोडून टाकतो. त्या ठिकाणी अनुवादात वाक्य होते : ‘त्या दिवशी बापाने मुलाचे हात धुतले.’

मी थबकलो. मूळ इंग्रजी कथा शेजारी नसती तर मला ते वाक्य फार आवडले असते. मोरीवर उभा असलेला बाप, हातात तांब्या, आणि समोर मळलेले दोन हात पुढे करून उभा असलेला मुलगा, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. मुळात मात्र नेमके याच्या उलट लिहिले होते. ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ’ एखादी व्यक्ती वा एखादे प्रकरण, म्हणजे तिच्याशी आपला यापुढे काही संबंध नाही, तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी आपली नाही, असे जाहीर करणे. एक शब्दयोगी अव्यय चुकले आणि टाकून देणारा बाप जवळ घेणारा झाला.

ही चूक हसण्यावारी नेता आली असती. पण त्या एका वाक्याने मला अनेक दिवस गुंतवून ठेवले, आणि त्यातून सुचलेले काही या पानांवर मांडावेसे वाटते. इंग्रजीतील हा वाक्प्रचार कुठून आला हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तो मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायातून आला. प्रश्न उगमाचा नाही. ती मूळ कृती आणि तिच्यातून निघालेला वाक्प्रचार यांच्यामध्ये वाटेत काय गळून पडले, हा आहे.

प्रथम आपल्या भाषेचा विचार करू. मराठीत हात धुण्याला लाक्षणिक अर्थ नाहीत असे मुळीच नाही. उलट आहेत ते इंग्रजीच्या अगदी विरुद्ध दिशेचे. आपण एखाद्याच्या ‘हात धुऊन मागे लागतो’, म्हणजे त्याची पाठ सोडत नाही. आपण ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो’, म्हणजे आयती संधी साधतो. पहिल्यात चिकाटी आहे, दुसऱ्यात लोभ आहे. सुटका कोणत्याच अर्थात नाही. हिंदीत प्राणाला किंवा नोकरीला ‘हात धुऊन बसतात’, पण तिथेही अर्थ गमावण्याचा आहे, नाकारण्याचा नव्हे. अंगावरची जबाबदारी टाळण्यासाठी आपण ‘हात झटकतो’, ‘हात वर करतो’, ‘काखा वर करतो’, ‘कानांवर हात ठेवतो’, ‘अंग काढून घेतो’. हा साठा पाहिला तर या कामी आपण इंग्रजांपेक्षा मागे आहोत असे कोणी म्हणणार नाही. पण यांपैकी एकातही पाणी नाही, हे माझ्या ध्यानात आले. हात झटकणाऱ्याच्या हाताला फार तर धूळ लागलेली असते. तो ती झाडतो आणि निघून जातो. मी पवित्र आहे असा दावा तो करीत नाही. मला वेळ नाही, मला कटकट नको, एवढेच तो सांगतो.

मराठीतील पाणी दुसरीकडे आहे. आपण हक्कावर ‘पाणी सोडतो’. दान देताना देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडायचे, त्या विधीतून हा शब्दप्रयोग आला. इथे पाणी आहे, हात आहे आणि सोडणेही आहे. परंतु जे सोडायचे ते आपल्या मालकीचे असते. दुसऱ्याचा जीव वाऱ्यावर सोडून स्वतःच्या हातावर पाणी घेण्याची कल्पना मराठी मनाला सुचलेली दिसत नाही. याचा अर्थ आपण तसे वागत नाही असा मात्र कोणी करू नये.

इंग्रजी वाङ्मयात या शब्दप्रयोगाला पूर्वी पिलाताचे नाव चिकटलेले असे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात राजाच्या भावाला बंदिवासात ठार मारण्यासाठी दोन भाडोत्री मारेकरी जातात. खून होतो, आणि त्यांतल्या दुसऱ्याला पश्चात्तापाने घेरले जाते. पिलाताप्रमाणे मलाही या खुनापासून हात धुता आले असते तर किती बरे, असे तो म्हणतो आणि आपल्या वाट्याचे पैसे नाकारतो. ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात पदच्युत होणारा राजा भोवती उभ्या असलेल्या सरदारांना तोंडावर सांगतो, की तुमच्यांतले काही जण पिलातासारखे हात धुऊन वरवरची कीव दाखवीत आहेत; पण मला क्रुसाच्या हवाली करणारे तुम्हीच, आणि हे पाप पाण्याने निघणारे नाही. हे नाटक १५९७ मध्ये छापले गेले तेव्हा सिंहासनत्यागाचा हा प्रवेश पुस्तकात नव्हता. तो छापील प्रतीत आला १६०८ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या मृत्यूनंतर. सत्ताधाऱ्यांच्या हातांविषयी बोलणे कोणत्याही काळात जपूनच करावे लागते.

या दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याला पिलात कोण हे ठाऊक आहे, आणि त्याचे पाणी निरुपयोगी होते हेही ठाऊक आहे. मारेकऱ्याला ते पाणी हवेसे वाटते, पण मिळत नाही. राजाला ते खोटे वाटते. ‘मॅकबेथ’मध्ये तर पिलाताचे नावही न घेता संपूर्ण नाटकच या एका कृतीभोवती फिरते. खुनानंतर मॅकबेथला वाटते, सातही समुद्र माझा हात धुऊ शकणार नाहीत, माझ्या हातानेच समुद्र लाल होईल. त्याची पत्नी म्हणते, थोडे पाणी पुरे. आणि अखेरच्या अंकात तीच बाई झोपेत चालत, नसलेले रक्त चोळून चोळून काढू पाहते. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधून हा प्रसंग मराठी प्रेक्षकांपर्यंतही आलेला आहे.

त्यानंतरच्या रोजच्या इंग्रजीत पिलाताचे नाव हळूहळू निघून गेले आणि नुसता हात धुण्याचा प्रकार उरला. आज इंग्रजी बोलणारा गृहस्थ एखाद्या सोसायटीच्या समितीपासून हात धुतो, भाच्याच्या लग्नाच्या वाटाघाटींपासून हात धुतो. बोलताना त्याला ना तस्त दिसते, ना गर्दी दिसते, ना काट्यांचा मुकुट घातलेला माणूस दिसतो. कोणत्याही वाक्प्रचाराचे हेच होते. शब्दशः अर्थ झिजतो तेव्हाच लाक्षणिक अर्थ गुळगुळीत होऊन चलनात येतो, याला माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की या नाण्यावरचा चेहरा झिजला तेव्हा त्याबरोबर त्यावरचा आरोपही झिजला. मूळ कथेत पिलात दोषी आहे. वाक्प्रचारात हात धुणारा बहुधा शहाणा असतो : खूप सोसले बिचाऱ्याने, शेवटी हात धुतले.

चार्ल्स डिकन्सने मात्र या झिजलेल्या शब्दांतले पाणी परत आणले. १८६० ते १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत जॅगर्स नावाचा फौजदारी वकील आहे. चोर, खुनी, बनावट दस्तऐवज करणारे असे अशील घेऊन त्यांना तो कौशल्याने सोडवतो. त्याच्या कचेरीतील एका कोपऱ्यात हात धुण्याची खास जागा आहे, तिथे सुगंधी साबण आहे, मोठा टॉवेल आहे. कोर्टातून आला की किंवा एखादा अशील गेला की तो हात धुतो. एका संध्याकाळी तर प्रकरण इतके काळेकुट्ट असते, की तो हातच नव्हे तर तोंडही धुतो, चुळा भरतो, आणि चाकूने नखांतून ते प्रकरण खरवडून काढतो. डिकन्सने येथे कोठेही पिलाताचा उल्लेख केलेला नाही. वाक्प्रचार उचलून त्याने तो शब्दशः घडवून दाखविला आहे, आणि त्या सुगंधी साबणाचा वास वाचकाच्या नाकात असा काही बसतो की पुढे जॅगर्स समोर आला की आपण आधी त्याचे हात पाहतो.

पण डिकन्स मोठा लेखक आहे तो पुढच्या गोष्टीमुळे. याच जॅगर्सने आपल्या घरी मॉली नावाची एक मोलकरीण ठेवली आहे. ती त्याने खुनाच्या आरोपातून सोडवलेली बाई. जेवणाच्या वेळी पाहुण्यांसमोर तो तिला मनगटे दाखवायला लावतो. त्यांतले एक ओरखड्यांच्या व्रणांनी भरलेले आहे. स्वतःचे हात दिवसातून दहादा धुणारा हा माणूस दुसऱ्याचे न धुतले जाणारे हात घरात प्रदर्शनासारखे ठेवतो. क्रौर्य आहे हे. आणि तरीही, कादंबरीच्या शेवटाकडे, ‘समजा असे घडले’ अशा वकिली भाषेत तो कबूल करतो, की फाशी आणि तुरुंगासाठीच जणू वाढणारी असंख्य मुले पाहून पाहून त्यांतले एक तरी वाचावे म्हणून त्याने त्या बाईची मुलगी एका श्रीमंत घरी पोचवली. त्या मुलीचे पुढे भले झाले असे नाही. परंतु इतक्या साबणाने जे गेले नाही असे काहीतरी त्याच्या हाताला लागून राहिले होते, हे त्या कबुलीतून कळते. या कादंबरीचा मराठी अनुवाद करणाऱ्याने जॅगर्सच्या बाबतीत ‘हात झटकले’ असे लिहिले तर मी त्याला नापास करीन. इतर शंभर ठिकाणी मात्र हात झटकणेच योग्य.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. हात धुण्याची घटना चारपैकी एकट्या मत्तयाने सांगितली आहे. दंगल होऊ घातली आहे आणि आपले काही चालत नाही, हे पाहून पिलात पाणी मागवतो, लोकांदेखत हात धुतो, या माणसाच्या रक्ताबाबत मी निर्दोष आहे असे म्हणतो, आणि शेवटी ‘तुमचे तुम्ही बघा’ या आशयाचे शब्द उच्चारतो. झावळ्यांच्या रविवारी हे वाचताना आमचे लक्ष तस्तावर खिळते आणि ते शेवटचे शब्द निसटतात. सेमिनरीत ग्रीकचे जे जुजबी शिक्षण मिळाले, त्याचा मला आयुष्यात जो थोडा उपयोग झाला, तो अशा ठिकाणी झाला. याच अध्यायाच्या आरंभी यहूदा चांदीची तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे परत येतो, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केल्याची कबुली देतो, आणि याजक त्याला उत्तर देतात : आम्हाला काय त्याचे, तुझे तू बघ. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘बघणे’ हे क्रियापद तेच आहे, ‘निर्दोष’ हा शब्दही तोच आहे. मत्तयाने जाणूनबुजून ही दोन दृश्ये समोरासमोर ठेवली आहेत असे मला वाटते. याजकांनी पाण्याशिवाय हात धुतले, पिलाताने पाण्याने.

आणि गंमत अशी, की इंग्रजी वाक्प्रचाराला अगदी तंतोतंत मराठी प्रतिशब्द कोणता, हे मत्तयानेच सांगून ठेवले आहे. हात झटकणे नव्हे. ‘तुमचं तुम्ही बघा.’ घरोघरी, कचेरीच्या खिडकीत, वाटणीच्या भांडणात आणि, कबूल करायला हवे, पाद्रीबाबांच्या दिवाणखान्यातही दिवसातून किती वेळा ही तीन शब्दांची तस्त फिरते!

आणखी एक बारकावा. लेडी मॅकबेथ खून झाल्यावर हात धुते. जॅगर्स काम आटोपल्यावर धुतो. पिलात आधी धुतो. हात कोरडे झाल्यानंतर तो बरब्बाला सोडतो, येशूला फटके मारवतो आणि क्रुसावर खिळण्यासाठी सोपवून देतो. म्हणजे ज्या कृत्याबाबत तो निर्दोष असल्याचे सांगतो, ते कृत्य त्याने अजून केलेलेच नाही, आणि ते न करण्याचा अधिकार त्या शहरात फक्त त्याच्याच हाती आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो स्वतःच येशूला या अधिकाराची आठवण करून देतो. जबाबदारी नाकारून मग हुकूम देणे, हा राज्यकारभाराचा प्रकार पुढे फार रूढ झाला; आजकाल फाइलीवरचा शेरा पाण्याची जागा घेतो.

पिलाताने जे झटकले ते कुठेतरी पडणारच होते. पुढच्याच वचनात जमावाच्या तोंडी जे शब्द आहेत त्यांचा आधार घेऊन ख्रिस्ती युरोपने शतकानुशतके यहूदी लोकांचा छळ केला. रोमन अधिकाऱ्याच्या तस्तातले पाणी असे एका संपूर्ण समाजाच्या अंगावर ओतले गेले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नॉस्त्रा एताते’ या घोषणापत्रात, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येणार नाही, असे स्पष्ट केले. आपल्या कोकणात शतकानुशतके मराठी बोलणारे बेने इस्राएल राहिले. आपण मराठीत ज्या शब्दांत हे दुःखसहन सांगतो, ते शब्द त्यांच्याही कानांना कळणारे होते, हे आपल्यापैकी किती प्रवचनकारांच्या मनात आले असेल?

रोमन न्यायाधीशाने हात धुण्याचा हा विधी कुठून उचलला? त्याची मुळे यहूदी परंपरेत आहेत, आणि ती ज्या ग्रंथात आहेत त्याचे मराठी नाव ‘अनुवाद’ असे आहे. अनुवादाच्या चुकीवरून निघालेली ही चर्चा या नावाच्या ग्रंथात येऊन ठेपावी, याचे मला हसू आले. त्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात एक विलक्षण विधी दिला आहे. उघड्या रानात कोणा माणसाचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण हे कळत नसेल, तर वडील मंडळींनी आणि न्यायाधीशांनी बाहेर पडून प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ असेल त्या गावच्या वडिलांनी कधी जुंपलेली नाही अशी कालवड घ्यावी, वाहते पाणी असलेल्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडावी, आणि याजकांसमक्ष त्या कालवडीवर हात धुऊन सांगावे, की हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही व आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही. मग सगळ्या लोकांसाठी क्षमा मागावी.

वरवर पाहता ही पिलाताचीच कृती. पण जरा थांबून पाहा. गावाच्या वडिलांवर खुनाचा संशय कोणीच घेतलेला नाही. तरी ते आपणहून मळ्यांतून, खडकांतून चालत जातात, दोऱ्या धरून अंतर मोजतात, आणि ते मोजणे आपले गाव सर्वांत जवळचे ठरावे या शक्यतेसह असते. यहूदी धर्मगुरूंनाही हा प्रश्न पडला होता. मिश्नामध्ये ‘सोटा’ या प्रकरणात ते विचारतात, वडील मंडळी खुनी आहेत असे का कुणाला वाटणार होते? आणि त्याचा उलगडा ते असा करतात : वडिलांच्या म्हणण्याचा अर्थ हा, की हा माणूस आमच्या दाराशी आला आणि आम्ही त्याला अन्नावाचून लावून दिला असे घडले नाही, तो आमच्या नजरेस पडला आणि आम्ही त्याला सोबतीवाचून एकट्याला जाऊ दिले असे घडले नाही. म्हणजे हात धुण्यापूर्वी त्यांना स्वतःला हे विचारावे लागे. उत्तर ‘नाही’ असे आले तरच पाण्याला हात लावता येत असे. हा विधी संबंध तोडण्याचा नव्हता. कोणाचाही नसलेला मुडदा आपला मानण्याचा तो विधी होता. पिलाताने त्या पाण्यातून तेवढे काढून घेतले आणि इंग्रजी भाषेला उरलेले दिले.

हे लिहिताना मला एक प्रसंग टाळता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी एका धर्मग्रामात नवीन असताना, खाडीच्या बांधाजवळ एका परप्रांतीय मजुराचा मृतदेह सापडला. पहाटे लोक जमले. ती जागा नेमकी दोन गावांच्या आणि दोन पोलीस ठाण्यांच्या सीमेवर होती, आणि दुपारपर्यंत मोजणी चालली ती हद्द कुठे संपते याची. तेथेही अंतर मोजले गेले. मात्र जो तो आपण लांब आहोत हे ठरवण्यासाठी मोजत होता. संध्याकाळी दोन तरुण माझ्याकडे आले. त्याच्या गळ्यात क्रूस होता, ओळख पटली नाही तर आपल्या दफनभूमीत जागा द्याल का, असे त्यांनी विचारले. मी नोंदवह्यांचे, परवानग्यांचे, समितीचे कारण पुढे केले. ते सगळे खरे होते. बोलण्याचा शेवट मी ‘तुम्ही आधी त्यांच्याकडे बघा’ असा केला. ‘त्यांच्याकडे’ म्हणजे कोणाकडे, हे ना त्यांनी विचारले, ना मी सांगितले. ते पुन्हा आले नाहीत. देह सरकारी रीतीप्रमाणे कुठेतरी नेला गेला. तो माणूस बांधावरून जाताना कोणाच्या दाराशी थांबला होता का, त्याला कोणी पाणी दिले होते का, याची चौकशी आमच्यापैकी कोणीच केली नाही. त्यानंतरच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पण केली आणि वेदीसेवकाने माझ्या बोटांवर पाणी घातले.

त्या पाण्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. अर्पणविधीनंतर धर्मगुरू लोकांसमोर हात धुतो, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या एखाद्या चौकस मुलाला त्यात पिलात दिसला तर ती चूक त्याची नाही. एका मुलीने मला तसे विचारलेही होते. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल यांनी नवख्रिस्तींना समजावून सांगितले, की हे हात धुणे अंगाच्या मळासाठी नव्हे, कारण मळक्या अंगाने आपण मुळात मंदिरात आलोच नव्हतो. ते पापापासून शुद्ध होण्याचे चिन्ह आहे. करोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत वेदीजवळ सॅनिटायझरची बाटली आली, आणि हात धुण्याचा शब्दशः अर्थ सगळ्या लाक्षणिक अर्थांवर मात करून बसला, तेव्हा सिरिलचे हे वाक्य मला पुन्हापुन्हा आठवे. पण जे मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते त्या वेळी मनातल्या मनात म्हणायच्या शब्दांतील बदल. पूर्वीच्या लॅटिन मिस्सेत तेथे सव्विसाव्या स्तोत्रातील ओळी होत्या. त्यांत भक्त स्वतः म्हणतो, की मी निर्दोषांच्या संगतीत हात धुईन. १९६९ च्या सुधारित विधीत त्या जागी एक्कावन्नाव्या स्तोत्रावर आधारलेले छोटे वाक्य आले, आणि त्यात धर्मगुरू देवाला सांगतो, की तू मला धू. कर्ता बदलला. जे स्तोत्र परंपरेने दाविदाच्या तोंडी घातले आहे, त्या दाविदाने उरियाला स्वतःच्या हाताने मारले नव्हते. मृत्यूची चिठ्ठी त्याने उरियाच्याच हाती देऊन पाठवली होती. हात अगदी स्वच्छ होते त्याचे. जुन्या विधीची आवड असणाऱ्या माझ्या काही बंधूंना हा बदल खटकतो. मला तो या शतकानुशतकांच्या वाचनातील एक अचूक दुरुस्ती वाटतो.

पिलाताचे स्वतःचे पुढे काय झाले? इतिहासाला तो ठाऊक आहे. १९६१ मध्ये कैसरिया येथे इटालियन उत्खननकर्त्यांना त्याचे नाव कोरलेला दगड सापडला, त्यावरून त्याचा हुद्दा प्रीफेक्ट असा होता हे निश्चित झाले. इतिहासकार जोसीफस सांगतो, की त्याने जेरुसलेमला पाणी आणण्यासाठी मंदिराच्या खजिन्यातले पैसे वापरून कालवा बांधला, आणि विरोध करायला जमलेल्या लोकांत साध्या वेषातले शिपाई घुसवून त्यांना सोट्यांनी बडवून काढले. पिलाताच्या पाण्याची ही दुसरी कथा पहिलीइतकी प्रसिद्ध नाही. शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला रोमला परत बोलावण्यात आले. इथिओपियाच्या प्राचीन चर्चने मात्र त्याला आणि त्याच्या पत्नीला संतांत स्थान दिले आहे. त्या चर्चचे हृदय मोठे म्हणायचे.

आनातोल फ्रान्स या फ्रेंच लेखकाने त्याच्यावर लिहिलेली ‘यहूदियाचा अधिकारी’ ही कथा १८९२ च्या त्याच्या संग्रहात आहे. वृद्ध पिलात संधिवातावर उपचार घेण्यासाठी बाया येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर आला आहे. तिथे जुना स्नेही भेटतो. पिलाताला सगळे आठवते : कालव्याचे प्रकरण, वरिष्ठांनी केलेला अन्याय, यहूद्यांचा हट्टीपणा. मग तो स्नेही एका नर्तकीविषयी बोलता बोलता सांगतो, की ती पुढे गालीलातल्या एका चमत्कार करणाऱ्या तरुणाच्या मागे गेली; त्याला क्रुसावर दिले होते, नाव येशू, गाव नासरेथ; आठवतो का तुला? पिलात कपाळावर हात नेतो, विचार करतो, आणि त्याला काही आठवत नाही. कथा तिथेच संपते. ख्रिस्ती वाचकाला ही कथा बोचते, आणि लेखकाची श्रद्धेविषयीची वृत्ती पाहता ती तशी बोचावी हाच हेतू असेल. तरी हात धुण्याच्या वाक्प्रचारावर इतके खोल भाष्य मी दुसरे वाचलेले नाही. इथे पिलात ढोंगी नाही. त्याचे हात खरोखरच धुतले गेले आहेत.

चर्चने मात्र त्याला विसरू दिलेले नाही. विश्वासांगीकारात येशू आणि मरिया यांच्याखेरीज फक्त एकाच माणसाचे नाव येते. प्रेषितांपैकी कोणी नाही, पेत्रही नाही. दर रविवारी जगभर पिलाताचे नाव उच्चारले जाते, कोणत्याही विशेषणाशिवाय, केवळ ‘त्याच्या काळात हे घडले’ एवढे सांगण्यासाठी. इंग्रजी भाषेने त्याचे नाव गाळून त्याचे पाणी ठेवले; विश्वासांगीकाराने पाण्याचा उल्लेखही न करता नाव ठेवले.

यावरून त्या हस्तलिखितातील वाक्य मला सुचले. लाल शाईने मी प्रथम ‘बापाने मुलाचा संबंध तोडला’ असे लिहिले होते, ते खोडले. वसईकडच्या आमच्या म्हाताऱ्या बायका अशा वेळी काय म्हणतात ते आठवले, आणि समासात लिहिले : ‘त्या दिवशी बापाने मुलाचं नाव टाकलं.’ अनुवादिकेने चार दिवसांनी उत्तर पाठविले. दुरुस्ती तिला मान्य आहे. पण कथेच्या शेवटच्या पानावर, मुलगा आजारी होऊन परत येतो आणि बाप दार उघडून न बोलता उभा राहतो, तिथे आपले मूळचे चुकलेले वाक्य घालता येईल का, असे तिने विचारले आहे. मूळ इंग्रजीत तिथे तसे काही नाही. मी संपादकांना लिहिले आहे, की अनुवादक या नात्याने तिला तो अधिकार नाही. पुढे कधी तिने स्वतःची कथा लिहिली तर ती प्रथम माझ्याकडे पाठवावी.